गुण पाहताना शाळाही पाहायला हवी

निकालांचे दिवस आले की सोलापुरात सात रस्ता, पार्क चौक अशा मोक्याच्या ठिकाणी क्लासचे फलक झळकू लागतात. त्यांवर मुलामुलींचे फोटो, जेईई किंवा नीटमधील क्रमांक आणि पर्सेंटाइल असते, आणि क्लासचे नाव बहुधा विद्यार्थ्याच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत असते. तो विद्यार्थी पहिली ते दहावी कोणत्या शाळेत शिकला, हे मात्र सहसा लिहिलेले नसते. क्लासने ते लिहावे अशी कोणाची अपेक्षाही नाही, कारण तो त्यांचा व्यवसाय आहे. परंतु देशातील सर्वांत नामांकित सार्वजनिक शिक्षणसंस्थाही प्रवेश देताना नेमकी हीच गोष्ट बाजूला ठेवतात आणि त्यालाच निःपक्षपातीपणा म्हणतात, ही बाब मला गंभीर वाटते. विद्यार्थ्याने मिळवलेले गुण कोणत्या शाळेत शिकून मिळवले हे कळल्याखेरीज त्या गुणांचा पुरता अर्थ लागत नाही. म्हणून आयआयटी, एम्स, राष्ट्रीय विधी विद्यापीठे यांसारख्या संस्थांनी प्रवेशाच्या नियमांतच शाळेच्या पार्श्वभूमीला स्थान द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका, एकच वेळ आणि एकच गुणदान, मग अन्याय कुठे झाला, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर क्रमवारीच्या रचनेत आहे. जेईई मेनला दरवर्षी १० लाखांहून अधिक विद्यार्थी बसतात, त्यांतील सुमारे अडीच लाखांना आयआयटी प्रवेशासाठीची जेईई ॲडव्हान्स्ड देता येते आणि २३ आयआयटींत मिळून जागा आहेत सुमारे १८ हजार. पहिल्या काही शे क्रमांकांत येणाऱ्या मुलांची बुद्धी असामान्य असते, त्याबद्दल वाद नाही. त्यांच्या खाली मात्र एवढी दाटी असते की एका-दोन प्रश्नांच्या फरकाने क्रमांक शेकड्यांनी मागेपुढे होतो, आणि त्या दाटीत कोण आत राहणार आणि कोण बाहेर पडणार हे बुद्धीइतकेच तयारीवर ठरते. तशा धर्तीची गणिते आधी किती वेळा सोडवली होती, घड्याळ लावून किती सराव परीक्षा दिल्या होत्या, चुकलेले उदाहरण समजावून सांगायला कोणी होते की नाही, या गोष्टी तेथे निर्णायक ठरतात. ही तयारी अकरावीत सुरू होत नाही. ज्या घरांना आणि शाळांना वाट माहीत आहे, तेथे ती आठवीतच सुरू झालेली असते.

आपल्या शहराच्या पूर्व भागातले उदाहरण घेऊ. साखर पेठ, अशोक चौक, विडी घरकुल या पट्ट्यात घराघरांत तेलुगू बोलली जाते. गल्लीत तेलुगू, मराठी आणि हिंदीची सरमिसळ असते, शाळा मराठी माध्यमाची असते आणि अकरावी विज्ञानात पाऊल टाकले की सगळे इंग्रजीत. पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत अशा घरातल्या मुलीने भाषा दोनदा बदललेली असते आणि दोन्ही वेळा नव्या भाषेत तिच्याबरोबर घरातले कोणीही नसते. आई कारखान्यातून पाने आणि तंबाखू घेऊन येते, पाने भिजवते, मापाने कापते आणि मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसते. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळत असल्यामुळे सुटीच्या दिवशी पाने कापायला किंवा दोरा बांधायला मुलींचा हात लागतोच. कित्येक घरांच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग चालू असतात, त्यांच्या खडखडाटात अभ्यास करायचा असतो, आणि वीज गेली की माग थांबतो तेव्हाच घरात शांतता होते, पण नेमका तेव्हाच दिवाही नसतो. या घरांतल्या आईवडिलांना शिक्षणाची किंमत कळत नाही असे कोणी म्हणत असेल, तर त्याने हा भाग पाहिलेला नाही. याच गल्ल्यांतून डॉक्टर, अभियंते, प्राध्यापक झालेले आहेत, ते आईवडिलांच्या हट्टापायीच. त्या हट्टाला शाळेची साथ किती मिळाली, हा माझा प्रश्न आहे.

अनुदानित माध्यमिक शाळेत गणित शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली. वर्तुळावरचे प्रमेय पुस्तकातल्या रचनेपेक्षा वेगळी रचना करून सिद्ध करणारी एक मुलगी माझ्या दहावीच्या वर्गात होती. फळ्यावर रचना काढताना ती मध्येच थांबायची, मागे सरून आकृतीकडे पाहायची आणि एक रेघ पुसून दुसरी काढायची. गणिताचा विचार कसा करतात हे तिला कोणी शिकवावे लागले नव्हते. दहावीनंतर तिने विज्ञान शाखा घेतली, आणि तीच मुलगी अकरावीच्या वर्गात पहिले कित्येक महिने एक शब्दही बोलली नाही, कारण तास इंग्रजीत चालत आणि प्रश्न विचारायचा तर वाक्य कसे जुळवायचे इथपासून तिला तयारी करावी लागे. बारावीपर्यंत ती सावरली, राज्याच्या सीईटीत चांगले गुण मिळवून अभियांत्रिकीलाही गेली. जेईई ॲडव्हान्स्ड नावाची परीक्षा आपणही देऊ शकलो असतो, हे तिला कळले तेव्हा वेळ निघून गेली होती. ती परीक्षा लागोपाठच्या दोनच वर्षांत देता येते. तिच्या बुद्धीचे मोजमाप त्या परीक्षेत कधी झालेच नाही, आणि तरीही आकडेवारीच्या दृष्टीने ती गुणवत्तेत कमी पडलेल्यांत जमा आहे.

चांगली शाळा मुलाला काय देते याचा विचार करताना आपण इमारत, प्रयोगशाळा आणि संगणक मोजतो. प्रयोगशाळेचे महत्त्व आहेच, आणि ज्या शाळेत प्रयोगवही फळ्यावरून उतरवून पूर्ण होते आणि साहित्याच्या कपाटाची किल्ली तपासणीच्या दिवशीच सापडते, तेथले मूल काय गमावते हे विज्ञान शिकवणाऱ्या कोणालाही विचारावे. मात्र मला त्याहून मोलाची वाटते ती माहिती. ज्या शाळेतून दरवर्षी पाच-दहा मुले या संस्थांत जातात, तेथे अर्ज कधी निघतो, कोणत्या वर्षी कोणती स्पर्धा परीक्षा द्यायची, कोणती पुस्तके घ्यायची, हे हवेतच असते. माजी विद्यार्थी सुटीत येऊन वर्गात बोलतात. ज्या शाळेतून असे कोणी कधी गेलेच नाही, तेथे मुख्याध्यापकांनाही विचारायला माणूस नसतो.

या माहितीअभावी काय होते ते एका दाखल्यावरून सांगतो. इतर मागासवर्गातील मुलाकडे राज्याचे नॉन-क्रिमिलेअर (उन्नत गटात मोडत नसल्याचे) प्रमाणपत्र असते, ते तीन वर्षे चालत असल्याने घरचे निर्धास्त असतात. आयआयटी प्रवेशासाठी मात्र केंद्राच्या नमुन्यातील प्रमाणपत्र लागते आणि ते त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेले असावे लागते. ज्याला हे वेळेत कळते तो मार्चअखेर कागदपत्रे तयार ठेवतो आणि एप्रिलमध्ये सेवा केंद्रात जाऊन अर्ज करतो. ज्याला कळत नाही तो ऐन प्रवेशाच्या वेळी प्रांत कार्यालयाच्या पायऱ्या झिजवतो आणि प्रमाणपत्र वेळेत हाती आले नाही, तर राखीव जागेचा हक्क गमावून खुल्या गटात ढकलला जातो. दोघांची बुद्धी सारखी, दोघांचा प्रवर्ग एक, इतकेच काय गुणही सारखे असू शकतात. फरक पडतो तो एखाद्या अनुभवी शिक्षकाने किंवा लिपिकाने वर्षभर आधी सांगितलेल्या दोन वाक्यांमुळे. राज्यघटनेने दिलेला हक्कसुद्धा ज्याला चांगली शाळा मिळाली त्यालाच पुरता वापरता यावा, याचे मला अतोनात वाईट वाटते.

शाळा कमी पडली की ती उणीव क्लास भरून काढतो, आणि तेथे पैशाचा प्रश्न येतो. सोलापुरातील ऐपतदार पालक मुलाला दहावीनंतर, कधी त्याआधीच, लातूर, पुणे किंवा थेट राजस्थानातील कोट्याला पाठवतात. वसतिगृह, खानावळ, क्लासची फी आणि नावापुरते कनिष्ठ महाविद्यालय असा तो सगळा संसार दोन वर्षे चालवायचा असतो. नावापुरत्या महाविद्यालयांना आळा घालण्यासाठी राज्य शासनाने २०१८ मध्ये बायोमेट्रिक हजेरीचा निर्णय काढला होता, आणि २०२४ च्या जानेवारीत केंद्राने १६ वर्षांखालील मुलांना क्लासमध्ये घेऊ नये अशी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. परिणाम काय झाला हे प्रत्येक पालक जाणतो. महाज्योती, सारथी, बार्टी यांसारख्या राज्य शासनाच्या संस्थांमार्फत प्रवेश परीक्षांच्या मोफत प्रशिक्षणाचे प्रयत्न होतात, त्यांचे मी मनापासून स्वागत करतो, पण हे प्रशिक्षण दहावीनंतरचे आहे. सहावी ते दहावी या पाच वर्षांत कच्चा राहिलेला पाया टॅबलेटवरच्या व्याख्यानांनी पक्का होत नाही.

शाळा दिली तर काय होऊ शकते, याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. मोहोळ तालुक्यातील पोखरापूरचे जवाहर नवोदय विद्यालय सहावीत परीक्षेने मुले निवडते आणि त्यांतील किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी असतात. सांगोला, करमाळा, अक्कलकोट अशा तालुक्यांतली ही मुले एकाच आवारात राहतात, त्यांना विषयवार शिक्षक मिळतात, संध्याकाळी अभ्यासिका असते. नवोदयची मुले देशभर या प्रवेश परीक्षांत चांगले यश मिळवतात हे आता सर्वांना ठाऊक आहे. पण नवोदयच्या एका वर्गात जागा जेमतेम ८० आणि जिल्ह्याचे तालुके ११. पाचवीत असताना एका परीक्षेत थोडे मागे राहिलेल्या हजारो मुलांचे पुढे काय, याचे उत्तर नवोदय देऊ शकत नाही आणि ते त्याच्याकडून मागणेही योग्य नाही.

शाळेचा हा परिणाम आपल्याकडेच दिसतो असे नाही. ब्रिटनमध्ये खासगी शाळांत सुमारे ७ टक्के मुले शिकतात, पण ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमधील ब्रिटिश विद्यार्थ्यांत त्यांचा वाटा अलीकडेही ३० टक्क्यांच्या आसपास राहिला आहे. सटन ट्रस्ट या शिक्षणातील विषमतेवर काम करणाऱ्या तेथील संस्थेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात तर असे आढळले की तीन वर्षांच्या काळात केवळ ८ शाळांनी या दोन विद्यापीठांत पाठवलेल्या मुलांची संख्या दुसऱ्या सुमारे २,९०० शाळांनी मिळून पाठवलेल्या मुलांपेक्षा जास्त होती. अमेरिकेत चेट्टी, डेमिंग आणि फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये दाखवून दिले की परीक्षेतील गुण सारखे असतानाही सर्वांत श्रीमंत १ टक्का कुटुंबांतील मुले अतिनामांकित विद्यापीठांत पोहोचण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक असते. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे झुकते माप, खेळाडूंची भरती आणि अभ्यासेतर गुणांचे मूल्यमापन ही त्याची मुख्य कारणे त्यांना आढळली. प्रवेश परीक्षा रद्द करून मुलाखत, निबंध आणि उपक्रमांची यादी पाहावी असे सुचवणाऱ्यांनी हा अभ्यास जरूर लक्षात घ्यावा. वादविवाद मंडळ, घोडेस्वारी आणि परदेशी सहली ज्या शाळेत असतात, त्याच शाळेच्या मुलांचा अर्ज उठून दिसतो. आपल्याकडच्या काही नव्या खासगी विद्यापीठांनी ही पद्धत स्वीकारली आहे. ती मला लेखी परीक्षेपेक्षाही अधिक विषम वाटते.

बारावीच्या गुणांना महत्त्व द्यावे, हा दुसरा उपाय नेहमी सुचवला जातो. तोही करून झाला आहे. २०१३ ते २०१६ या काळात जेईई मेनच्या क्रमवारीत बारावीच्या गुणांना ४० टक्के भार होता आणि २०१७ पासून तो काढून टाकण्यात आला. वेगवेगळ्या मंडळांचे गुण एका पातळीवर आणण्याचे सूत्र कोणालाही पटत नव्हते. दिल्ली विद्यापीठात बारावीच्या गुणांवर प्रवेश होत असत, तेव्हा २०२१ मध्ये काही अभ्यासक्रमांची पहिली यादी १०० टक्क्यांवर थांबली आणि पुढच्याच वर्षी सीयूईटी ही केंद्रीय विद्यापीठांची सामायिक प्रवेश परीक्षा आली. आपल्या भागात परीक्षा केंद्रांवर कॉपीमुक्त अभियान राबवावे लागते, हेही विसरून चालणार नाही. प्रश्न गुण कोणत्या परीक्षेचे घ्यावेत एवढाच नाही. ते गुण वाचताना त्यांच्यामागची शाळा दिसली पाहिजे.

तमिळनाडूने या दिशेने कायदा केला. सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकून नीट उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांसाठी २०२० पासून तेथे वैद्यकीय प्रवेशात ७.५ टक्के जागा राखून ठेवल्या जातात. २०२१ मध्ये हीच तरतूद अभियांत्रिकी आणि इतर व्यावसायिक अभ्यासक्रमांना लागू झाली आणि २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वैद्यकीय प्रवेशाचा कायदा वैध ठरवला. महाराष्ट्रातही असेच करावे ही मागणी अधूनमधून होते. मला त्या कायद्याबद्दल आदर आहे, पण तो जसाच्या तसा येथे लागू पडणार नाही, आणि यामागचे कारण नीट समजून घेण्याजोगे आहे. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळा बहुतांशी फार तर सातवी-आठवीपर्यंत असतात. माध्यमिक शिक्षणाचा भार महाराष्ट्रात खासगी शिक्षणसंस्थांच्या अनुदानित शाळांनी उचलला आहे. सरकारी शाळा हा निकष लावला, तर आपल्याकडची बहुसंख्य गरीब मुले त्यात बसणारच नाहीत. अनुदानित शाळा हा निकष लावला, तर शहरातील शंभर वर्षांची परंपरा असलेली, डॉक्टर-वकिलांच्या मुलांनी भरलेली शाळा आणि मंगळवेढा तालुक्यातील, गणिताचे पद वर्षानुवर्षे रिकामे असलेली शाळा एकाच पंगतीत बसतील.

पंगत चुकीची मांडली की काय होते, याचा अनुभव आपल्या राज्याला आहे. वैद्यकीय प्रवेशात २०२० पर्यंत ७०:३० चे सूत्र होते. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे विभाग पाडून ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या विद्यार्थ्यांना मिळत. सोलापूर जिल्हा उर्वरित महाराष्ट्रात मोडत असल्याने अक्कलकोटच्या सीमाभागात कन्नड माध्यमातून शिकलेले मूल आणि पुण्यातल्या कोथरूडचे मूल एकाच विभागातले ठरत होते. विभाग किंवा जिल्हा हे एकक फार मोठे आहे. मागासलेपणा तालुक्यातालुक्यांत बदलतो, आणि शहरात तर एका पेठेतून दुसऱ्या पेठेत गेले तरी बदलतो. मोजायचे असेल तर शाळा मोजावी लागेल.

ते अशक्य नाही. प्रत्येक शाळेला यूडायस क्रमांक, म्हणजे शासनाच्या शालेय माहिती प्रणालीतला ओळख क्रमांक, आहे आणि त्या क्रमांकाखाली शिक्षक, वर्गखोल्या, प्रयोगशाळा, ग्रंथालय यांची माहिती दरवर्षी भरली जाते. प्रवेश अर्जात विद्यार्थ्याने पाचवी ते दहावीच्या शाळांचे क्रमांक नोंदवावेत. गणित-विज्ञानाची मंजूर पदे किती वर्षे भरलेली होती, प्रयोगशाळा होती का, शिक्षणाचे माध्यम कोणते होते आणि गेल्या दहा वर्षांत त्या शाळेतून अशा संस्थांत किती मुले गेली, यावरून शाळेचा एक निर्देशांक काढता येईल. अकरावी-बारावी मी मुद्दाम सोडून देतो, कारण नावापुरत्या प्रवेशांमुळे त्या दोन वर्षांची कागदोपत्री माहिती भरवशाची राहिलेली नाही. खालच्या निर्देशांकाच्या शाळेतून दहावीला शाळेतल्या पहिल्या दहा टक्क्यांत आलेले विद्यार्थी या सवलतीला पात्र धरावेत. अमेरिकेतील टेक्सास राज्याने १९९७ मध्ये अशाच तत्त्वावर कायदा करून प्रत्येक शाळेतील वरच्या १० टक्के मुलांना राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांत थेट प्रवेश दिला. ऑस्टिनच्या विद्यापीठासाठी पुढे ही मर्यादा कडक करावी लागली, पण तत्त्व टिकले. तेथे शाळांतर्गत गुणांवर क्रम लागतो. आपल्याकडे दहावीची परीक्षा राज्य मंडळ घेते, त्यामुळे शाळेतल्या शाळेत तुलना करणे अधिक सोपे आहे.

पात्र विद्यार्थ्यांची निवड मात्र त्या त्या प्रवेश परीक्षेच्या क्रमवारीनेच व्हावी आणि त्यांच्यासाठी जादा जागा निर्माण कराव्यात. सुरुवातीला ५ टक्के पुरेत. जादा जागांची कल्पना नवी नाही. आयआयटींत मुलींचे प्रमाण २०१६ च्या सुमारास ८ टक्क्यांच्या आसपास होते. २०१८ पासून त्यांच्यासाठी अधिसंख्य जागा ठेवण्यात आल्या आणि अवघ्या दोन-तीन वर्षांत ते प्रमाण २० टक्क्यांवर गेले. कोणाचीही जागा हिरावली गेली नाही आणि संस्थांचा दर्जाही खालावला नाही. जातीच्या आधारावरील आरक्षणाला हा पर्याय नाही, हेही स्पष्ट केले पाहिजे. जातीमुळे होणारा अन्याय चांगल्या शाळेत शिकल्याने संपत नाही. प्रत्येक प्रवर्गाच्या आतही चांगल्या शाळांची मुले पुढे जातात आणि कमकुवत शाळांची मागे राहतात, म्हणून या जादा जागा सर्व प्रवर्गांत प्रमाणानुसार वाटल्या जाव्यात.

शाळेच्या आधारे प्रवेश देणे हेच मुळात चूक, असे म्हणणाऱ्यांना अकरावीची प्रवेश प्रक्रिया दाखवावीशी वाटते. तेथे १० टक्के इन-हाउस कोटा असतो. म्हणजे नामांकित महाविद्यालयाच्या संस्थेची माध्यमिक शाळा असेल, तर तेथल्या मुलांना केवळ त्या शाळेत शिकल्यामुळे कमी गुणांवरही प्रवेश मिळू शकतो. शाळेची पार्श्वभूमी आपण आजही मोजतो, मात्र जिच्याकडे आधीच सारे आहे तिच्या बाजूने. उलट बाजूने मोजा म्हटले की गुणवत्तेची आठवण होते.

या गुणवत्तेविषयी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये, वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशातील इतर मागासवर्गीय आरक्षणाच्या खटल्यात, जे म्हटले ते माझ्या मताशी जुळते. खुल्या स्पर्धा परीक्षेतील गुणांत सामाजिक, आर्थिक आणि सांस्कृतिक फायदे मिसळलेले असतात, त्यामुळे गुणवत्तेची व्याख्या तेवढ्यावर आटोपता येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. अशी मुले पुढे टिकतील का, या शंकेलाही उत्तर आहे. इंग्लंडच्या उच्च शिक्षण निधी परिषदेने २०१४ मध्ये केलेल्या अभ्यासात असे दिसले की शालान्त गुण सारखे असताना सरकारी शाळांतून आलेल्या विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या पदवीत खासगी शाळांच्या विद्यार्थ्यांपेक्षा चांगली कामगिरी केली. त्यात नवल नाही. ज्याने कमी साधनांत तेवढेच गुण मिळवले, त्याला साधने मिळाल्यावर तो पुढेच जाणार. पहिल्या वर्षी त्याला आधार लागेल, तो द्यावा. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी आयआयटींत एक वर्षाचा पूर्वतयारी अभ्यासक्रम बरीच वर्षे चालू आहे, त्याचा अनुभव संस्थांच्या गाठीशी आहे.

भाषेचा मुद्दा यापासून वेगळा काढता येत नाही. नीट मराठीतून देता येते आणि २०२१ पासून जेईई मेनही मराठीसह १३ भाषांतून होते, पण जेईई ॲडव्हान्स्ड इंग्रजी आणि हिंदीतच असते. हिंदी माध्यमाच्या मुलाला जी सोय आहे ती मराठी, कन्नड, तेलुगू किंवा उर्दू माध्यमाच्या मुलाला का नाही, याचे समाधानकारक उत्तर मला कोठेही मिळालेले नाही. विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा क्लॅट तर केवळ इंग्रजीतून होते, आणि इंग्रजी वाचनाचा वेग हा तेथे जवळजवळ स्वतंत्र विषयच होऊन बसतो. ज्या न्यायालयांत उद्या मराठीतून साक्षी नोंदवायच्या, त्यांच्यासाठी वकील घडवणाऱ्या संस्थांनी मराठी माध्यमाच्या मुलांपुढे असा अडथळा उभा करावा, हे अनाकलनीय आहे. अर्थात केवळ प्रश्नपत्रिका मराठीत आणून भागणार नाही. अकरावी-बारावी विज्ञानाचे दर्जेदार मराठी साहित्य आणि दोन्ही भाषांत शिकवू शकणारे शिक्षक नसतील, तर मराठी प्रश्नपत्रिका मागणारेच सापडणार नाहीत, आणि मग मागणी नाही म्हणून ती बंद करण्याचे कारण आयतेच मिळेल.

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, आधी शाळा सुधारा, हा आक्षेप मात्र मला मनापासून मान्य आहे. त्यापुढे एवढेच म्हणायचे आहे की शाळा सुधारेपर्यंत आज नववीत असलेल्या मुलाने थांबावे, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. राज्यात २०१२ मध्ये शिक्षक भरतीवर बंदी आली, २०१७ मध्ये शिक्षक भरतीसाठी पवित्र पोर्टल आले, आणि या काळात ज्यांचे सारे माध्यमिक शिक्षण तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या भरवशावर झाले ती पिढी आता पदवीधरही झाली. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले तेव्हा सारा जिल्हा आनंदला होता, आणि तो आनंद रास्त होता. एका शिक्षकाने काय साधता येते हे त्यांनी जगाला दाखवले. तथापि व्यवस्था एकेका शिक्षकाच्या कर्तबगारीवर चालत नसते.

सवलत मिळवण्यासाठी सधन पालक मुलांना कमकुवत शाळांत घालतील, अशी भीती व्यक्त होते. टेक्सासमध्ये काही कुटुंबांनी त्यासाठी शाळा निवडल्याचे अभ्यासांत दिसलेही. पाचवी ते दहावी सलग सहा वर्षांची अट ठेवली, तर केवळ कागदावर नाव घालून भागणार नाही. आणि एखाद्या डॉक्टरने खरोखरच सहा वर्षे आपले मूल महापालिकेच्या किंवा गावातल्या शाळेत ठेवले, तर मला त्याचा आनंदच होईल. ज्या पालकाचा फोन शिक्षणाधिकारी उचलतात असा एक पालक त्या शाळेला मिळेल आणि गणिताचे रिकामे पद फार काळ रिकामे राहणार नाही.

यातले बरेचसे निर्णय दिल्लीत आणि मुंबईत व्हायचे आहेत, पण एक काम सोलापुरातच सुरू होऊ शकते. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ हे एकाच जिल्ह्यासाठी असलेले विद्यापीठ आहे. त्याने जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला आणि महापालिकेच्या शिक्षण मंडळाला बरोबर घेऊन जिल्ह्यातील प्रत्येक माध्यमिक शाळेची गेल्या दहा वर्षांची यादी करावी, म्हणजे किती मुले दहावी झाली, किती विज्ञानाला गेली, किती जणांनी कोणती प्रवेश परीक्षा दिली आणि कोण कोठे पोहोचले ते कळेल. मुख्याध्यापकांकडे यातली निम्मी माहिती आजही वहीत असते, उरलेली माजी विद्यार्थ्यांना फोन करून मिळते. एकही मूल न पोहोचलेल्या शाळांची नावे त्यातून तालुकावार समोर येतील, त्या शाळांच्या नववीच्या वर्गांत पुढच्या जूनपासून कोणी जाऊन परीक्षांची, तारखांची आणि दाखल्यांची माहिती द्यायची हे ठरवता येईल, आणि निर्देशांकाची मागणी घेऊन केंद्रीय शिक्षण मंत्रालयाकडे जाताना एका संपूर्ण जिल्ह्याची पडताळलेली नोंद हातात असेल.